ठिपका कुठाय?

सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. हा लेख संगणकावरच्या एका खेळाबद्दल आहे, आणि त्यातही त्या खेळातल्या एका बारीकशा नियमाबद्दल. एक नळ दुसऱ्या नळाला आडवा आला, तर काय व्हावे? बस्स, विषय एवढाच. "यंदा तरी जरा वजनदार लिही," असे आमच्या संपादक-मित्राने बजावले होते. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या डोक्यात दुसरे काही शिरलेच नाही, त्याला माझा इलाज नाही.

खेळाचे नाव 'ऑक्सिजन नॉट इन्क्लूडेड'. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातील क्लेई एंटरटेनमेंट या कंपनीचा हा खेळ २०१९ साली पूर्ण होऊन बाहेर पडला. एका लघुग्रहाच्या पोटात तीन माणसे अडकलेली असतात. भोवती दगड, माती, थोडे शेवाळे, थोडे पाणी आणि जेमतेम हवा. आपण सांगू तसे ती खणतात, बांधतात, शिजवतात, झोपतात. हळूहळू आणखी माणसे येऊन मिळतात. मुंग्यांचे वारूळ मधोमध उभे चिरून काचेमागे ठेवावे, तशी सगळी वसाहत पडद्यावर दिसते. दर माणशी दर सेकंदाला १०० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो आपोआप मिळत नाही. खेळाच्या नावातच तसे बजावून ठेवलेले आहे.

तेव्हा नळ आणि तारा आल्याच. पडदा गणिताच्या वहीसारखा चौकोनी घरांत विभागलेला असतो. नळाचे चित्र उचलायचे आणि माउस दाबून धरून घराघरांतून ओढत न्यायचे. माणसे मागाहून येऊन खरा नळ बसवतात. पाण्याचे नळ, हवेचे नळ आणि विजेच्या तारा यांचे थर निरनिराळे आहेत. त्यामुळे तार नळावरून गेली तर काही बिघडत नाही. परंतु पाण्याचा नळ दुसऱ्या पाण्याच्या नळावरून ओढत नेला, की ज्या घरात ते भेटतात त्या घरात ते एकजीव होतात. विचारणा नाही, सूचना नाही. तारांचेही तेच. जाड तारेवरून बारीक तार नेली, तर ती जाड तारेच्या मंडलात सामील होते, आणि १००० वॉटची ती बिचारी २० हजार वॉटच्या पंक्तीला बसून जळून जाते. न जुळता ओलांडायचे असेल तर 'पूल' नावाची वस्तू मुद्दाम निवडून बांधावी लागते. हा पूल तीन घरे लांब असतो. एका टोकाला पाणी शिरते, दुसऱ्या टोकाला बाहेर पडते, आणि मधल्या घराखालून परका नळ निघून जातो.

म्हणजे जुळणे फुकट आणि ओलांडणे विकत. माझी सगळी तक्रार एवढ्यावरच होती.

तक्रार अर्थात अनुभवातून आली. माझी वसाहत आठ माणसांची झाली होती. शेवाळे संपत आले, म्हणून मी पाण्यापासून प्राणवायू करणारे यंत्र बसवले. ते सेकंदाला १ किलो पाणी घेते आणि ८८८ ग्रॅम प्राणवायू व ११२ ग्रॅम हायड्रोजन देते. आठ जणांची अगदी नेमकी सोय. त्याच सुमारास जुने कोरडे संडास मोडून नळाचे संडास बांधले. हा संडास दर खेपेला ५ किलो स्वच्छ पाणी घेतो आणि ११.७ किलो घाण पाणी सोडतो. (वरचे ६.७ किलो कोठून आले, हे सुज्ञांनी ताडावे.) ते घाण पाणी गाळणीकडे न्यायला एक नळ हवा होता. रात्रीचा दीड वाजला होता. मी तो नळ सरळ रेषेत ओढला. वाटेत प्राणवायूच्या यंत्राकडे जाणारी स्वच्छ पाण्याची लाइन आडवी होती. ती मला दिसली नव्हती असे नाही. मला वाटले, हा तिच्यावरून गेला. खेळाला वाटले, हा तिला मिळाला.

या खेळात नळातले पाणी सलग धारेने वाहत नाही, गोळ्यागोळ्यांनी चालते. एक गोळी फार तर १० किलोची, आणि दोन निराळी पाणी एका गोळीत मिसळत नाहीत. मालगाडीला वेगवेगळ्या रंगांचे डबे जोडावेत तशी निळी गोळी, मागे गढूळ गोळी, पुन्हा निळी, अशी रांग लागली. गढूळ गोळी यंत्रापाशी पोचली की यंत्राला इजा होते. माणसे धावत येऊन ते दुरुस्त करतात, तोवर पुढची गढूळ गोळी येते. मी त्या वेळी वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला शेताची आखणी करीत होतो. मीप नावाचा माणूस माझ्या पहिल्या तिघांपैकी. तो गुदमरून मेला तेव्हा मी मागे वळून पाहिले. पहाटेपर्यंत आणखी दोघे गेले.

सकाळी चहा पिताना मी ती हकिगत रंगवून सांगितली. "संडासाचं पाणी थेट प्राणवायूच्या यंत्रात!" धाकटी बहीण खदखदून हसली. अण्णा हसले नाहीत.

इथे अण्णांविषयी थोडे सांगणे भाग आहे. आमच्या तालुक्याच्या गावात ते लाइट-फिटिंग आणि नळ-फिटिंग अशी दोन्ही कामे करतात. मी सुटीत त्यांच्याबरोबर कामावर यावे असे त्यांना वाटे. मी टाळत असे. भिंतीला झिरी मारताना डोक्यावर पडणारे सिमेंट, पाण्याच्या टाकीवर चढणे, पैशासाठी चार खेपा मारणे, हे मला नको होते. आणि तोच मी रात्र रात्र जागून पडद्यावर नळ टाकीत होतो. हा विनोद अण्णांच्या लक्षात आला नसेल असे नाही. पण ते कधी बोलले नाहीत.

त्या सकाळी ते चष्मा लावून माझ्या लॅपटॉपवर वाकले.

"हे दोन आडवे गेलेत ते?"

"हो."

"जुळलेत?"

"तीच तर भानगड झाली."

"मग ठिपका कुठाय?"

विजेच्या मंडलाच्या आकृतीत दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या, तर त्या जुळलेल्या नसतात. जुळल्या असतील तर त्या जागी भरीव ठिपका देतात. जुन्या आकृत्यांत न जुळणारी रेघ दुसरीवरून उडी मारून जाते, तिथे छोटी कमान काढलेली असते. अण्णा दोन्ही करतात, जुळले तिथे ठिपका आणि ओलांडले तिथे कमान. "एकच खूण पुरे होत नाही का?" असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "झेरॉक्समध्ये ठिपका उडतो. नाहीतर नसलेला उमटतो. कमान उडत नाही." काम संपले की ते त्या घराच्या लाइनींचा नकाशा काढून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून येतात. त्याचे पैसे कोणी देत नाही, आणि बहुतेक घरी पुढच्या दिवाळीला रंगारी तो खरवडून काढतो.

मग त्यांनी विजेचा थर पाहिला. "अन् न्यूट्रल कुठाय?" या खेळात एकाच तारेवर दिवा लागतो. "बरं आहे," अण्णा म्हणाले, "निम्मी वायर वाचली."

मला जोर चढला. मी त्यांना खेळाचे चुकते कुठे ते समजावून सांगू लागलो. खऱ्या जगात नळाला नळ लागला म्हणून तो जुळत नाही. जुळवायचा तर पाणी बंद करा, करवतीने पाइप कापा, टी घाला, सोल्युशन लावा, सुकू द्या. ओलांडायचे असेल तर स्टेप-ओव्हर बेंड मिळतो, कमानीसारखा वाकवलेला तुकडा. तो घातला की काम झाले. म्हणजे जगात जुळवणे कष्टाचे आणि ओलांडणे सोपे. खेळवाल्यांनी नेमके उलटे करून ठेवले आहे.

अण्णांनी ऐकून घेतले. "आपोआप जुळत नाहीत, हे तुला कोणी सांगितलं?" एवढे म्हणून त्यांनी धाकटीकडे एकदा पाहिले आणि अंघोळीला निघून गेले.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. २०१४ च्या पावसाळ्यात धाकटीला कावीळ झाली होती. ती पाच वर्षांची, मी तिसरीत. तिच्या डोळ्यांचा पिवळा रंग मला अजून आठवतो, आणि आईने सबंध महिनाभर तळणीची कढई वर ठेवून दिली होती ते आठवते. गल्लीत आणखी तीन घरी तेच दुखणे. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून आले आहे. मग एका दुपारी अण्णांनी घरासमोरच्या उघड्या गटारात उतरून आमचा नळ शोधला. रस्त्यापलीकडच्या मोठ्या लाइनीपासून घरापर्यंत येणारा तो अर्ध्या इंचाचा जी. आय. पाइप गटाराच्या आतून गेलेला होता. आम्ही त्या घरात यायच्या आधीचा तो. कोणी टाकला, कोणास ठाऊक. वरून पाइप चांगला धडधाकट. खालून अण्णांनी अंगठा दाबला तर अंगठा आत गेला.

पाणी एक दिवसाआड तासभर येई. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो, भोकातून स्वच्छ पाणी बाहेर गळते, आणि घाण आत येऊ शकत नाही. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होत जातो, आणि रिकामा होताना भोवतालचे जे असेल ते आत ओढतो. पुढच्या खेपेचे पहिले पाणी ते घेऊन थेट हंड्यात उतरते. पिण्याची लाइन गटाराच्या वरून न्यावी, हा तर नळ-फिटिंगचा पहिला धडा. गावभरच्या लाइनी नीट करणारा माणूस रोज सकाळी तो पाइप ओलांडून कामाला जात होता. धाकटी दीड महिन्याने बरी झाली. अण्णांनी आमचा नळ गटाराच्या वर उचलून, वरून दुसऱ्या जाड पाइपाचे नळकांडे चढवून घेतला, आणि मग गल्लीतल्या चार घरांचाही तसाच करून दिला, मजुरी न घेता. त्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोलत नाही.

तेव्हा माझी तक्रार थोडी ढिली झाली. नळ आपोआप जुळतात, फक्त त्यांना वेळ लागतो. खेळात ते ताबडतोब जुळतात आणि पडद्यावर दिसतात तरी. आमच्या गटारात ते दिसत नव्हते.

मग आडवे येणे टाळताच येणार नाही का, असा विचार मनात आला. आमच्या तर्कशास्त्राच्या सरांनी वर्गात एकदा एक कोडे घातले होते. तीन घरे आहेत. पाणी, गॅस आणि वीज यांची तीन केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रातून प्रत्येक घरी एक लाइन न्यायची, पण कोणतीही लाइन दुसरीला छेदता कामा नये. तासभर सगळा वर्ग कागद काळे करीत बसला होता. इंग्रज कोडेकार हेन्री ड्युडनी याच्या १९१७ च्या पुस्तकात हे कोडे आहे, आणि ते त्याच्याही आधीपासून चालत आलेले आहे. सपाट कागदावर ते सुटतच नाही. आठ लाइनी बसतात, नववी कोणाला तरी आडवी येतेच. ड्युडनीने एक पळवाट काढली होती: एक लाइन सरळ एका घराच्या आतून न्यायची. हे अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्याला घरमालकाची एनओसी लागते." थोडक्यात, तीन घरे आणि तीन सोयी एवढ्या लहान संसारातही एक पूल लागतोच. माझ्या वसाहतीत तर आठ माणसे होती.

याच धाग्याने पॉल तुरान या हंगेरियन गणितज्ञाची हकिगत वाचनात आली. तो ज्यू. १९४४ साली त्याला बुडापेस्टजवळच्या एका विटांच्या कारखान्यात वेठीला धरले होते. तिथे अनेक भट्ट्या आणि अनेक साठवणीची आवारे. प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक आवारापर्यंत रूळ टाकलेले. विटांनी भरलेल्या गाड्या रुळांवरून ढकलायच्या. काम तसे फार अवघड नव्हते. अडचण यायची ती रूळ रुळाला छेदत तिथे. तिथे गाडी उडी घेई आणि विटा खाली पडत. गाड्या ढकलता ढकलता तुरानच्या मनात आले, की हे छेद कमीत कमी किती ठेवता येतील? हा प्रश्न आज त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि सर्वसाधारण रूपात अजून सुटलेला नाही. पोलिश गणितज्ञ झारान्कीएविच याने १९५०च्या दशकात उत्तर दिले होते, परंतु त्याच्या सिद्धतेत पुढे खोट निघाली. ज्या माणसाला उद्याची शाश्वती नाही, त्याने रुळांचे छेद मोजीत बसावे, हे वाचून मला माझ्या दीड वाजताच्या जागरणाची थोडी लाज वाटली. थोडी सोबतही वाटली.

आता मूळ मुद्दा. या खेळातला नियम सुधारायचा तर कसा? सुटीतले शेवटचे पंधरा दिवस मी यावर घालवले, आणि जेवताना अण्णा त्यात बोलत गेले.

माझी पहिली कल्पना सोपी होती. नळावरून नळ ओढला की खेळाने स्वतःच तिथे पूल टाकावा आणि पडद्यावर कमान दाखवावी; जुळवायचे असेल तर आपण त्या घरावर निराळा ठिपका द्यावा. पुलाचा माल आणि माणसांची मेहनत खुशाल वसूल करावी, मला फुकट काही नको. पण कागदावर मांडायला बसलो तेव्हा अडचण कळली. तारेचा पूल दोन्हीकडून सारखा असतो. नळाच्या पुलाला दिशा असते. आपण नळ ओढतो तेव्हा त्यात पाणी कुठून कुठे जाणार, हे खेळाला अजून ठाऊकच नसते. ते पंप आणि यंत्रे जोडल्यावर ठरते. मग पूल कोणत्या तोंडाने बसवावा? अण्णा म्हणाले, "नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर बाण असतो. बसवणाऱ्यानं बघून बसवायचा." त्यावरून सुचले, की ज्या दिशेने आपण माउस ओढला तीच पुलाची दिशा धरावी, बाण ठळक दाखवावा, आणि चुकली तर एका टिचकीने फिरवता यावी. सुरुवातीला मी स्वतः तीन पूल उलटे बसवले होते, म्हणून बाणाचा आग्रह.

दुसरी गोष्ट पुलाच्या लांबीची. मधले घर एकच, म्हणून एका वेळी एकच नळ ओलांडता येतो. तीन नळ शेजारी शेजारी चाललेले असतील तर त्यांना ओलांडायला जागाच नसते. आधी त्यांना फाकवून मध्ये अंतर करावे लागते. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरचा 'फॅक्टोरिओ' नावाचा खेळ आहे, त्यात नळ जमिनीखाली शिरतो आणि कितीतरी घरे पलीकडे वर येतो. शिवाय दोन निराळे द्रव एकत्र येणार असतील तर तो खेळ नळ जोडूच देत नाही. ही आडकाठी मात्र मला नको. चूक करण्याची मुभा हवी, फक्त ती करताना दिसली पाहिजे. आमच्या खेळात जुळलेले नळ तोडण्याचे एक हत्यार आहेच, पण ते नंतरचे. आधी न विचारता लग्न लावायचे आणि मग काडीमोडाची सोय करून द्यायची, असा तो प्रकार.

वसतिगृहातला माझा एक मित्र हा खेळ माझ्यापेक्षा फार चांगला खेळतो. त्याने सगळे ऐकून मान हलवली. त्याचे म्हणणे, पूल म्हणजे नुसता ओलांडायचा साकव नव्हे. चालू नळावर पुलाचे शिरण्याचे तोंड ठेवले, की पाणी आधी पुलात जाते आणि पूल तुंबला तरच पुढे सरकते. पुलाचे बाहेरचे तोंड चालू नळावर ठेवले, तर नळातल्या पाण्याला आधी वाट मिळते आणि पूल थांबतो. कोणाला आधी आणि कोणाला उरलेले, हे सगळे जाणते खेळाडू पुलांनीच ठरवतात. आपोआप पूल पडू लागले तर नवखे हे कधी शिकणारच नाहीत. या आक्षेपाला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. हाताने पूल बांधण्याची सोय राहू द्यावी, एवढेच मी म्हणू शकलो. अवघडपणा असावा, पण तो लाइन कुठून न्यायची हे ठरवण्यात असावा. झोपेच्या गुंगीत ओढलेली रेघ गुपचूप कोणाला मिळाली, यात नसावा, असे मला अजून वाटते.

कंपनीला पाठवायला एक पत्र लिहून ठेवले आहे. इंग्रजी तपासून घ्यायचे राहिले आहे. सोबत अण्णांनी काढलेली आकृती जोडली आहे: चार नळ, तीन कमानी, एक ठिपका.

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी अण्णांबरोबर एका कामावर गेलो. नवे घर, दोन न्हाणीघरे, गच्चीवर टाकी. दिवसभर मी टेप धरली, पाइप कापले, आणि डोक्यावर सिमेंटही पडले. संध्याकाळी अण्णांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. नकाशा मी काढला. त्यांनी चष्मा लावून तो एकदा पाहिला, गीझरच्या लाइनीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "इथं?"

मी खोडून तिथे कमान काढली.